माकडतापाच्या व्हायरसमधून ४०० च्या वर पेप्टाइड निघालेत, यातले खरंच इम्यून रिस्पॉन्स देणारे कसे ओळखायचे?

तिलारी_काठ (प्रश्न)

नमस्कार सगळ्यांना. एमएस्सी बायोटेकच्या शेवटच्या वर्षाला आहे, घर दोडामार्ग तालुक्यात. प्रोजेक्टचा विषय मी स्वतः मागून घेतलाय, माकडताप म्हणजे केएफडी (क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, गोचिडीतून पसरणारा व्हायरल ताप). २०१६ ला आमच्या तालुक्यात हा ताप आला तेव्हा मी शाळेत होते, काजूच्या सीझनमध्ये बागेत जाणारी माणसं एकामागून एक आजारी पडत होती आणि कुणालाच काही कळत नव्हतं, तेव्हापासून डोक्यात आहे की यावर काहीतरी करायचं.

आत्तापर्यंत केलं ते असं. व्हायरसचं अख्खं पॉलीप्रोटीन (ज्यातून त्याची सगळी प्रोटीन कापून निघतात ती लांब साखळी) घेतलं, ३४१६ अमिनो अ‍ॅसिडचं. त्याचे ९-९ चे तुकडे म्हणजे पेप्टाइड पाडून नेटएमएचसीपॅन ४.१ मध्ये टाकले (कुठला तुकडा पेशीवरच्या एमएचसी प्रोटीनला चिकटेल याचा अंदाज देणारं टूल), आयईडीबी या इम्यून डेटाबेसचा २७ एचएलए (माणसाचे एमएचसी) अ‍ॅलीलचा जो रेफरन्स सेट आहे तोच घेतला, आणि रँक ०.५ टक्क्याच्या खालचे सगळे ठेवले. ४०० च्या वर स्ट्राँग बाइंडर निघाले. मग अँटीजेन ओळखणाऱ्या व्हॅक्सिजेनमध्ये ०.४ चा कटऑफ लावला, विषारी आणि अ‍ॅलर्जी देणारे गाळायला टॉक्सिनप्रेड लावलं, अ‍ॅलर्टॉप लावलं, तरी बरेच उरतात. गाइडचं म्हणणं असं की वरचे दहा घे, एएवाय आणि जीपीजीपीजी लिंकर (तुकडे जोडणाऱ्या छोट्या साखळ्या) लावून एक लांब प्रोटीन बनव, टीएलआर या जंतू ओळखणाऱ्या रिसेप्टरबरोबर डॉकिंग (कॉम्प्युटरवर चिकटवून बघणं) कर आणि लिहून टाक, असेच पेपर सगळीकडे आहेत.

मला प्रश्न असा पडलाय की हे वरचे दहा म्हणजे नक्की कशात वरचे? एमएचसीला चांगलं चिकटतं म्हणजे टी-सेल (रोगप्रतिकारक पेशी) त्याला ओळखणारच असं आहे का? आणि नसेल तर ४०० मधून खाली यायची बरी पद्धत कोणती? शिवाय घरी नेट सारखं जातं त्यामुळे वेबसर्व्हरवर मोठा जॉब टाकता येत नाही, लॅपटॉपवर चालेल असं काही असेल तर तेही सांगा.

खाडीकाठ

विषय स्वतः मागून घेतलास हे फार आवडलं. मी मूळचा वेंगुर्ल्याचा, सध्या बाहेर इम्यूनोइन्फर्मेटिक्समध्येच पीएचडी करतोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, वेळ काढून वाच.

आधी तुझ्या ४०० बद्दल. ३४१६ चं प्रोटीन, ९ चे तुकडे, म्हणजे ३४०८ पेप्टाइड. नेटएमएचसीपॅनचा रँक काढतात कसा, तर निसर्गातल्या प्रोटीनमधून रँडम उचललेल्या भरपूर पेप्टाइडच्या स्कोअरशी तुझ्या पेप्टाइडचा स्कोअर ताडून बघतात. म्हणजे ०.५ टक्क्याचा कटऑफ लावला की कुठलंही साधं प्रोटीन घातलं तरी त्यातले अर्धा टक्का खाली येणारच. ३४०८ चे अर्धा टक्का १७, गुणिले २७ अ‍ॅलील, साधारण ४६०. तुला ४०० च्या वर मिळाले. म्हणजे या आकड्यातून माकडतापाच्या व्हायरसबद्दल अजून तुला काहीच कळलेलं नाही, भाताच्या एखाद्या लांब प्रोटीनमधूनही एवढेच निघाले असते. हे टूलचं अपयश नाही बरं का, रँकची व्याख्याच तशी आहे, पण पेपरांमध्ये 'या व्हायरसमध्ये इतके स्ट्राँग बाइंडर सापडले' असं शोध लागल्यासारखं लिहितात ते वाचून मला खरंच वाईट वाटतं कारण पुढची मुलं तेच बघून तेच करतात.

आता चिकटणं आणि रिस्पॉन्स. १९७४ ला डोहर्टी आणि झिंकरनागेल यांनी दाखवलं की टी-सेल व्हायरसचा तुकडा एकटा बघत नाही, स्वतःच्या एमएचसीसकट बघतो, १९९६ ला त्याचंच नोबेल मिळालं. म्हणजे चिकटणं हवंच, त्याशिवाय पुढचं काही नाही. पण त्याच्या आधी आणि नंतर बरंच काही घडावं लागतं. प्रोटीनचा तुकडा प्रोटीआझोमने (पेशीतलं प्रोटीन कापणारं यंत्र) बरोबर जागी कापला पाहिजे, टॅप या वाहक प्रोटीनने तो पेशीतल्या ईआर या कप्प्यात नेला पाहिजे, तिथे पुढचं टोक जास्त लांब असेल तर ते छाटलं गेलं पाहिजे, मग एमएचसीत बसून वर येऊन तो टिकला पाहिजे, आणि हे सगळं झाल्यावर त्याला ओळखणारा टी-सेल त्या माणसाच्या शरीरात मुळात असला पाहिजे. हा शेवटचा टप्पा सगळ्यात अवघड, आपल्या टूल्सना तिथे सगळ्यात कमी दिसतं.

९ च्या पेप्टाइडमध्ये साधारण दुसरी आणि नववी जागा एमएचसीच्या खाचेत रुततात, आणि टी-सेलच्या रिसेप्टरला मधल्या जागा दिसतात, मुख्यतः ४ ते ६. नेटएमएचसीपॅन खाचेचं सांगतं. मधल्या जागांचं त्याला काही पडलेलं नाही. मधे मोठे किंवा अ‍ॅरोमॅटिक अमिनो अ‍ॅसिड असतील तर रिस्पॉन्सची शक्यता थोडी वाढते असं २०१३ च्या एका कामात दिसलं, आयईडीबीवरचं इम्यूनोजेनिसिटीचं टूल त्याच्यावरच उभं आहे, पण तो सिग्नल कमजोर आहे, त्याच्या एकट्याच्या भरवशावर पेप्टाइड फेकून देऊ नकोस.

दुसरं म्हणजे आपल्याच प्रोटीनशी साम्य. थायमस या छातीतल्या ग्रंथीत टी-सेल तयार होताना स्वतःच्या पेप्टाइडला जोरात धरणारे बहुतेक मारले जातात. त्यामुळे तुझ्या पेप्टाइडचा मधला भाग माणसाच्या एखाद्या पेप्टाइडसारखाच असेल तर त्याला ओळखणारा टी-सेल शिल्लक नसण्याची शक्यता जास्त. हे तपासणं सोपं आहे, माणसाचं प्रोटीओम (सगळ्या प्रोटीनची यादी) उतरवून घे आणि जुळवून बघ.

व्हॅक्सिजेनबद्दल स्पष्टच सांगतो, ते अख्ख्या प्रोटीनवर शिकवलेलं मॉडेल आहे, अख्खं प्रोटीन अँटीजेन आहे की नाही यासाठी. ९ च्या तुकड्यावर त्याचा स्कोअर काढून निवड करायला मला तरी काही आधार दिसत नाही. तो कटऑफ काढ. आणि टीएलआर डॉकिंग, टीएलआर३ डबल स्ट्रँडेड आरएनए ओळखतो, त्याच्याशी लिंकरने जोडलेलं प्रोटीन कॉम्प्युटरवर चिकटवून एनर्जीचा आकडा काढला तर त्यावरून लस चालेल असं काहीच सिद्ध होत नाही. गाइडशी भांडू नकोस, पण 'सर, यापेक्षा ठोस काहीतरी करते' असं म्हणून खालचं दाखव.

माझ्या मते तू हे कर. माकडतापाचा व्हायरस फ्लॅव्हिव्हायरस म्हणजे डेंगीच्या कुळातला, आणि युरोप-रशियातल्या टिक-बोर्न एन्सेफलायटिसच्या व्हायरसचा जवळचा नातेवाईक. त्याच्यावर माणसांमध्ये प्रत्यक्ष तपासलेले टी-सेल एपिटोप (टी-सेल ओळखतात ते तुकडे) आयईडीबीत आहेत, डेंगीचे तर ढिगाने आहेत. तुझ्या यादीतलं कुठलं पेप्टाइड त्या तपासलेल्या जागांवर पडतं ते बघ. डेंगीत सीडी८ म्हणजे बाधित पेशी मारणारे टी-सेल मुख्यतः व्हायरसच्या एनएस३, एनएस४बी आणि एनएस५ या प्रोटीनवर जातात, तुझ्याकडेही तिकडेच गर्दी आहे का बघ. असं निघालेलं एक पेप्टाइड मला नुसत्या रँकने आलेल्या पन्नासपेक्षा जास्त मोलाचं वाटतं.

कणकवली_कोड

खाडीकाठने बायोलॉजी छान सांगितली, मी कॉम्प्युटरच्या बाजूने थोडं जोडतो.

लॅपटॉपसाठी एमएचसीफ्लरी बघ, ओपन सोर्स आहे, पायथनमध्ये पिपने बसतं, मॉडेल एकदा उतरवून घेतलं की नेटची गरज नाही, ३४०८ पेप्टाइड साध्या लॅपटॉपवर आरामात होतील. नेटएमएचसीपॅनही शिक्षणासाठी फुकट मिळतं, कॉलेजच्या ईमेलवरून मागव, लिनक्स किंवा मॅक लागेल.

आउटपुटमध्ये ईएल आणि बीए असे दोन स्कोअर येतात ते नीट समजून घे. बीए म्हणजे लॅबमध्ये मोजलेल्या चिकटण्यावर शिकलेलं, ईएल म्हणजे पेशीवरून प्रत्यक्ष सोडवून मास स्पेक्ट्रोमीटरने ओळखलेल्या पेप्टाइडवर शिकलेलं. ईएलमध्ये कापणं-नेणं याचा थोडा अंश आपोआप आलेला असतो म्हणून निवडीला ईएल धर.

मग अ‍ॅलीलचं. त्या २७ च्या सेटने जगभरच्या लोकसंख्येचा मोठा भाग येतो हे खरं, पण तुझी माणसं सिंधुदुर्गातली आहेत. भारतात ए*११:०१, ए*२४:०२, ए*३३:०३ हे बऱ्यापैकी आढळतात, आणि ए२ म्हटलं की आपल्याकडे फक्त ए*०२:०१ नसतो, ए*०२:११ पण भरपूर असतो जो त्या सेटमध्ये नाहीच. अ‍ॅलील फ्रीक्वेन्सी नेट डेटाबेसमध्ये महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक अशा जवळच्या गटांचे आकडे शोध आणि त्यावरून स्वतःची यादी बनव. फरक पडतो, कारण ए*०२:०१ ला शेवटी व्हॅलिन किंवा ल्युसिन आवडतं तर ए*११:०१ ला शेवटी लायसिन लागतं आणि ए*३३:०३ ला आर्जिनिन, म्हणजे अ‍ॅलील बदलला की पेप्टाइड पूर्ण वेगळे. अजून एक, ट्रेनिंग डेटा सगळ्यात जास्त ए*०२:०१ चा आहे, त्यामुळे आपल्याकडच्या कमी अभ्यासलेल्या अ‍ॅलीलवर अंदाज तेवढा पक्का नसतो, हे रिपोर्टमध्ये लिही.

आणि अपेक्षा किती ठेवायची यासाठी एक आकडा लक्षात ठेव. २०२० ला टेस्ला नावाच्या कन्सोर्शियमने कॅन्सरच्या निओअँटीजेनसाठी (ट्यूमरमधल्या म्युटेशनने बनलेले नवे तुकडे) वेगवेगळ्या टीमना तोच डेटा देऊन अंदाज मागवले, आणि निवडलेले ६०८ पेप्टाइड प्रत्यक्ष तपासले. टी-सेलनी ओळखलेले ३७. सहा टक्के. व्हायरसचं गणित थोडं वेगळं असेल कारण व्हायरस पूर्ण परका असतो, पण जाणकार टीमनी आपापली उत्तम यादी देऊनही हे झालं. त्यांना जे गुण उपयोगी दिसले त्यात जोरात चिकटणं होतंच, पण एमएचसीवर किती वेळ टिकतं हेही होतं. टिकण्याच्या अंदाजासाठी नेटएमएचसीस्टॅबपॅन आहे, ते तुझ्या छोट्या यादीवर लाव.

मिरकरवाडा_रत्नागिरी

मधेच घुसतोय, पण हाच प्रश्न मला कोळंबीबद्दल आहे. मी फिशरीजचा. आमच्या ओळखीत कोळंबी सोलणाऱ्या काही बायकांना हाताला खाज, शिंका, दम असा त्रास होतो, आणि काही जणांना खाल्ल्यावर ओठ सुजतात. कोळंबीच्या प्रोटीनचे तुकडे नेटएमएचसीपॅनमध्ये टाकून अ‍ॅलर्जी कुठल्या तुकड्याने होते ते कळेल का?

खाडीकाठ

@मिरकरवाडा, त्या टूलने नाही कळणार. अ‍ॅलर्जीत त्रास देणारी आयजीई ही अँटीबॉडी आहे, म्हणजे बी-सेलचं काम, ती प्रोटीनला त्याच्या पृष्ठभागावर धरते आणि एमएचसीच्या खाचेशी त्या धरण्याचा संबंध नाही. कोळंबीचं मुख्य अ‍ॅलर्जन ट्रोपोमायोसिन, १९९३ ला पीनियस इंडिकस जातीच्या म्हणजे आपल्याच समुद्रातल्या कोळंबीवर काम करून ते ओळखलं गेलं आणि आयजीई कुठल्या पेप्टाइडला धरते तेही त्याच कामात दाखवलं. ते उकळून पण जात नाही. झुरळ आणि धुळीतल्या किड्यातही तसंच प्रोटीन असतं म्हणून काहींना दोन्हीचा त्रास होतो.

कॉम्प्युटरने तपासायचं तर अ‍ॅलर्जन ओळखायची टूल्स वेगळी, आयआयआयटी दिल्लीच्या राघव यांच्या ग्रुपचं अ‍ॅल्गप्रेड आहे. २००१ चा एफएओ-डब्ल्यूएचओचा नियमही आहे, ८० अमिनो अ‍ॅसिडच्या पट्ट्यात ३५ टक्क्यांहून जास्त साम्य किंवा सलग ६ तेच अमिनो अ‍ॅसिड, पण सलग ६ वाला भाग फार सैल आहे, वाट्टेल ती प्रोटीन त्यात अडकतात. त्या बायकांना मात्र आधी डॉक्टरकडे ने, दम लागणं ही थांबायची गोष्ट नाही.

पीएचसी_डॉक्टर_सिंधुदुर्ग

मी क्लिनिकल बाजूचा आहे, केएफडीचे पेशंट बघितलेत. डिसेंबर ते मे हा आमचा काळ, गोचिडीची पिल्लं म्हणजे निम्फ तेव्हाच जास्त असतात आणि काजूची कामंही तेव्हाच. कडक ताप, डोकेदुखी, अंग पिळवटून निघतं, काहींना रक्तस्राव, आणि काहींना थोडे दिवस बरं वाटून ताप परत उलटतो तेव्हा मेंदूची लक्षणं दिसतात. शंभरात तीन ते पाच दगावतात.

मला या मुलीला एवढंच सांगायचंय की तुझी यादी कुणीतरी तपासावी असं वाटत असेल तर ती तपासता येईल अशी बनव. जिवंत व्हायरस हाताळायला मोठी बायोसेफ्टी लॅब लागते, पुण्याच्या एनआयव्हीसारखी. पण सिंथेटिक पेप्टाइड म्हणजे व्हायरस नाही. बरे झालेल्या माणसाचं रक्त घ्यायचं, त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करायच्या, पेप्टाइड घालायचं आणि इंटरफेरॉन गामा (टी-सेल जागे झाल्याची खूण) सुटतो का ते एलिस्पॉट चाचणीने बघायचं, हे साधारण इम्यूनॉलॉजी लॅबमध्ये होऊ शकतं. अडचण आहे ती रक्ताच्या प्रवासाची. त्या पेशी काही तासांत वेगळ्या कराव्या लागतात, आणि दोडामार्गातून गोव्यात बांबोळीच्या मेडिकल कॉलेजला जायलाही वेळ लागतो, पुणे तर लांबच. शिवाय एथिक्स कमिटीची परवानगी, पेशंटची संमती आणि त्या माणसाचं एचएलए टायपिंग, ते नसेल तर कुठलं पेप्टाइड कुणावर तपासायचं हेच ठरणार नाही. प्रोजेक्टमध्ये हे तुला करता येणार नाही, पण २० पेप्टाइडची यादी, प्रत्येकासमोर अ‍ॅलील आणि निवडायचं कारण, असं लिहून ठेवलंस तर उद्या कुणी रक्ताचे नमुने घेऊन बसला तर त्याला ती वापरता येईल.

काजीची_बाग

माझ्या चुलत भावाक ह्यो ताप इल्लो, आता बरो आसा. तुमी सगळ्यांनी लिवलास त्यातला अर्धा माका कळाक नाय, पण आमच्याच गावचा चेडू ह्याच्यावर शिकता ह्या वाचून बरा वाटला. एकच इचारतंय, ह्या सगळ्यातसून लस कधी येतली?

पीएचसी_डॉक्टर_सिंधुदुर्ग

@काजीची_बाग, खरं सांगायचं तर कॉम्प्युटरवरच्या यादीपासून लसीपर्यंत कित्येक वर्षं जातात आणि बहुतेक याद्या तिथपर्यंत पोचतच नाहीत. कर्नाटकात १९९० पासून एक लस वापरली गेली, कोंबडीच्या गर्भाच्या पेशींत वाढवून फॉर्मलिनने मारलेल्या व्हायरसची, तिचे बरेच डोस घ्यावे लागायचे आणि संरक्षण पुरेसं नव्हतं. सध्या बागेत जाताना पूर्ण कपडे, अंगाला गोचीड लागू नये म्हणून मिळणारं तेल, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ आणि अंग तपासणं. माकड मेलेलं दिसलं तर हात लावू नका, आरोग्य केंद्राला कळवा. ताप आला तर पहिल्याच दिवसांत या, पीसीआरमध्ये व्हायरस तेव्हाच सापडतो.

खाडीकाठ

डॉक्टरांनी लसीचा विषय काढला तर त्यातली एक गोष्ट तिलारी_काठसाठी फार महत्त्वाची आहे. मारलेल्या व्हायरसची लस पेशीत शिरून नवीन प्रोटीन बनवत नाही, त्यामुळे ती मुख्यतः अँटीबॉडी देते, सीडी८ टी-सेल फारसे जागे होत नाहीत. आणि एनएस३, एनएस५ ही प्रोटीन व्हायरसच्या कणात नसतातच, पेशीत शिरल्यावर बनतात. म्हणजे सीडी८ चे बरेचसे टार्गेट जुन्या लसीने दाखवलेच नसणार. तुझ्या प्रोजेक्टची प्रस्तावना इथून सुरू कर, नुसतं 'लसीची गरज आहे' असं लिहिण्यापेक्षा. जमलं तर क्लास टू एमएचसी (सीडी४ म्हणजे मदतनीस टी-सेलसाठीचं) पण कर, सीडी४ शिवाय अँटीबॉडी टिकत नाही.

तिलारी_काठ

सगळ्यांचे मनापासून आभार, ४६० चा हिशोब वाचून आधी धक्काच बसला मग स्वतः करून बघितला तर खरंच तेवढाच येतो. सरांशी बोलले, लिंकरवालं प्रोटीन नको म्हटलं तर लगेच नाही म्हणाले नाहीत, 'कंट्रोल काय लावणार ते दाखव' म्हणाले. म्हणून शेवटचा प्रश्न, कंट्रोल कसा लावू? आणि @काजीची_बाग काका, तुमच्या भावाला बरं वाटलं ते ऐकून खूप बरं वाटलं, गावी आले की भेटते.

कणकवली_कोड

सरांचा प्रश्न एकदम बरोबर आहे. दोन कंट्रोल लाव.

एक, निगेटिव्ह. पॉलीप्रोटीनची अक्षरं तीच ठेवून क्रम पिसून टाक, पायथनमध्ये दोन ओळींचं काम, असे शंभर एक नमुने बनव आणि तीच पद्धत लाव. प्रत्येकातून स्ट्राँग बाइंडर किती येतात त्याचा ग्राफ काढ आणि त्यावर खऱ्या व्हायरसचा आकडा दाखव. मग प्रोटीनवार कर, एनएस३, एनएस५ वेगवेगळे, कारण एकूण आकडा सारखा असला तरी एखाद्या भागात जास्त असू शकतात. मेम्ब्रेनमध्ये बसणाऱ्या भागात पाणी टाळणारी अक्षरं खूप असतात, तिथे ए*०२:०१ चे बाइंडर असेही वाढतात, ते इम्यूनिटीचं लक्षण समजू नकोस.

दोन, पॉझिटिव्ह. माहीत असलेले एपिटोप तुझ्या पाइपलाइनमधून जातात का बघ. फ्लूच्या मॅट्रिक्स प्रोटीनमधला जी-आय-एल-जी-एफ-व्ही-एफ-टी-एल, सायटोमेगॅलोव्हायरसचा एन-एल-व्ही-पी-एम-व्ही-ए-टी-व्ही, हे दोन्ही ए*०२:०१ चे. पण हे दोन सगळ्या मॉडेलच्या ट्रेनिंगमध्ये असतात म्हणून ते पास झाले तर फक्त तुझा कोड चालतोय एवढंच कळेल. खरी परीक्षा टिक-बोर्न एन्सेफलायटिसच्या तपासलेल्या एपिटोपची घे, तिथे तपासून रिस्पॉन्स न आलेले पेप्टाइडही आयईडीबीत मिळतात, ते दोन्ही गट एकत्र कर आणि तुझी क्रमवारी खऱ्यांना वर ठेवते का बघ. क्रमवारी वर ठेवत नसेल तर तेही रिपोर्टमध्ये छाप. कोड अडला तर इथेच टाक, मी रात्री बघतो.